पंचावन्न टक्के

पीएच.डी.ला नापास होता येतं हे आमच्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. २०१७ साली माझी मराठीच्या संशोधनासाठी नोंदणी झाली. विषय होता माणदेशातले शेतीचे शब्द. फी भरायला आण्णांनी कालवड विकली. मी तालुक्याच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायचो आणि सुट्टीत एस.टी.नं कोर्सवर्कला जायचो. संशोधन पद्धती, संगणक, पूर्वसंशोधनाचा आढावा. यूजीसीच्या नियमानं त्यात किमान पंचावन्न टक्के पडायला हवेत. मला पडले एक्कावन्न. गेले ते संशोधन पद्धतीच्याच पेपरात. मार्गदर्शक म्हणाले, "आता एकच संधी आहे. पुन्हा कमी पडले तर नोंदणी रद्द."

घरी आलो तेव्हा आण्णा शाळूच्या रानात होते.

"किती पडलं?"

"एक्कावन्न."

"मग? पस्तिसाला पास न्हाई व्हय?"

"इथं पंचावन्न लागतात, आण्णा."

ते जरा थांबले. "चारच कमी हायेत की," म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले. कालवडीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

संध्याकाळी मी पिशवीतून प्रश्नावली काढली. चाळीस प्रश्न होते, ग्रंथालयात शब्दकोश पुढ्यात घेऊन केलेले. म्हटलं, घरातल्या माणसावर आधी घासून बघू. पहिलाच प्रश्न, मोटेचे भाग कोणते? आण्णांनी नाडा, सोंदूर, चाक, कणा इतकं सांगितलं आणि गप्प बसले. मग म्हणाले, "आसं बसून आठवत न्हाई. सकाळी हिरीवर चल."

आमच्या विहिरीवर इंजिन आलं तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. थारोळ्याचे दगड तेवढे जागेवर होते. धावेवर वेड्या बाभळी माजल्या होत्या. आण्णांनी त्या काठीनं बाजूला सारल्या आणि विहिरीकडं पाठ करून उभे राहिले. बैल मागं सारायचे कसे, मोट बुडून भरली हे नाड्याच्या ताणावरनं कसं कळायचं, मग बैल उताराला लागले की नाड्यावर बसून आपला भार कसा द्यायचा, मोट वर आली की सोंदरानं धरलेली सोंड थारोळ्यात कशी पडायची, सगळं ते हातापायांनी करून दाखवू लागले. हात हलला की शब्द यायचा. सत्तरीतला माणूस रिकाम्या धावेवर न दिसणाऱ्या बैलांना हाकत होता आणि मी मोबाईल पुढं धरून मागं मागं पळत होतो.

तासाभरानं माझ्या ध्यानात आलं की माझ्या चाळीस प्रश्नांत सगळी नामंच होती. सारणं, भरणं, बसणं, ओतणं याला कुठं जागाच नव्हती. वस्तू गेली की तिचं नाव निदान कोशात राहतं. ती वापरायची रीत मात्र माणसाबरोबर जाते. साधनव्यक्ती कशी निवडावी याची व्याख्या मी पेपरात घोकून लिहिली होती. पण तिला कुठं उभं करून काय विचारायचं, हे तोवर मला कळलं नव्हतं.

प्रश्नावली फाडली. नवी केली ती कामाच्या क्रमानं. फेरपरीक्षेत मी उत्तराला उदाहरण म्हणून तीच विहीर लिहिली. त्रेसष्ट टक्के पडले.

गुणपत्रक आण्णांनी दोन्ही हातांनी धरून बघितलं. इंग्रजी अक्षरं, खाली शिक्का. मग पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ठेवलं. झाकण लावता लावता विचारलं,

"ह्येच्यावर कुणाचा बोजा न्हाई ना?"

मी "न्हाई" म्हणालो. गोठ्यातला रिकामा खुंटा दारातनं दोघांनाही दिसत होता.