गाडी कोणासाठी?

कोकणातल्या आमच्या वाड्यांमध्ये आखाताचा पैसा दोन ठिकाणी दिसतो. एक, जुन्या कौलारू घरांच्या जागी चढलेल्या स्लॅबमध्ये आणि दुसरा, अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये. मालक सुट्टीवर आला की ताडपत्री निघते. महिना-दीड महिना गाडी मुंबई-गोवा हायवेवर धावते, लग्नं-वलिमे उरकतात आणि मालक विमानात बसला की गाडी पुन्हा झाकली जाते. त्यामुळे यंदा माझा भाचा ‘खाला, फोर बाय फोर घेऊ या’ म्हणाला, तेव्हा ‘कोणासाठी?’ हाच प्रश्न माझ्या तोंडी आला.

‘नानीसाठी,’ तो म्हणाला.

त्याचं खरं होतं. दीड वर्षापूर्वी अम्मीच्या किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आमची वाडी महाड तालुक्यात, डोंगराच्या कडेला. डांबरी रस्ता खालच्या वस्तीपर्यंत येतो आणि पुढं दोन किलोमीटरचा चढ आहे, जांभ्याचा आणि लाल मातीचा. उन्हाळ्यात रिक्षा वर येते. पाऊस लागला की कोणताही भाड्याचा गाडीवाला वर यायला धजत नाही. गेल्या पावसाळ्यात दोनदा चार माणसांनी अम्मीला खुर्चीत बसवून खाली नेलं. डायलिसिसची खेप चुकली की अंगात पाणी साचतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून ‘ऑफ-रोड’ हा शब्द आमच्या घरात शौकाचा राहिला नाही.

भाचा अकरा वर्षं मस्कतच्या एका गॅरेजात काम करतोय. लँड क्रूझर आणि पॅट्रोल त्याच्या हाताखालून गेलेल्या. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा का कमी करायची, हे तो इतकं छान समजावतो की त्यानं शिक्षक व्हायला हवं होतं असं मला वाटतं. त्यानं शाळेच्या वहीत तक्ता आखला आणि चार गाड्यांची नावं लिहिली : तीन दारांची थार, पाच दारांची थार रॉक्स, जिम्नी आणि गुरखा. संध्याकाळी पडवीत त्या वहीभोवती वाडीतले पुरुष जमू लागले.

तक्त्यातले आकडे त्यानं मला एकेक करून उलगडून सांगितले. ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर. थारचं २२६ मिलिमीटर, जिम्नीचं २१०, गुरख्याचं २३३. चढाच्या तोंडाशी बंपर घासतो की नाही, ते पुढच्या कोनावर ठरतं. थारचा कोन ४१ अंशांच्या वर, जिम्नीचा ३६. चारही चाकांना ताकद देणाऱ्या या गाड्यांत ‘लो रेंज’ नावाचा वेगळा गिअर असतो. त्यानं वेग घटतो आणि चाकावरचा जोर वाढतो. उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं, सारखा ब्रेक दाबावा लागत नाही. एक चाक अधांतरी झालं तर इंजिनची ताकद त्याच मोकळ्या चाकात वाया जाते. मग डिफरन्शियल लॉक लावून दोन्ही चाकं एकत्र बांधायची. गुरख्यात अशी कुलपं पुढं आणि मागं दोन्हीकडे आहेत. जिम्नीत कुलूप नाही, तिथं मोकळं फिरणारं चाक ब्रेकनं आपोआप आवळलं जातं. आणखी एक गोष्ट त्यानं बजावली. अशा गाड्यांमध्ये फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून ठेवायचं नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत आणि सगळा ताण आतल्या दांड्यांवर येतो.

मला सर्वांत उपयोगी वाटली ती मात्र एक साधी सूचना. १.५ लिटर डिझेलची थार स्वस्त पडते, पण तिच्या फक्त मागच्या चाकांना ताकद मिळते. रॉक्समध्येही चार चाकांची सोय डिझेलमध्येच आहे. बाहेरून गाड्या सारख्याच दिसतात. थार म्हटली की ती चिखल चढणारच, असं समजून पैसे मोजणाऱ्यानं आधी हे विचारून घ्यावं.

पडवीतलं मत थारकडे झुकलेलं होतं. एका बुजुर्गांनी तर इतिहासच काढला. १९४५ मध्ये ही कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होतं. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इथं १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ हे नाव आलं. ‘म्हणजे जीप आपल्याही नावाची!’ चाचा म्हणाले आणि सगळे हसले. मलाही हा इतिहास आवडतो. एका पाटीवरची दोन नावं कशी वेगळी झाली, हे आपल्या मुलांना ठाऊक असावं. पण त्यामुळे अम्मीचा पाय गाडीच्या पायरीपर्यंत उचलला जाणार नव्हता.

मी वही मागून घेतली आणि तक्त्याला तीन रकाने जोडले.

पहिला रकाना बसणाऱ्याचा. या चारही गाड्या लोखंडी चौकटीवर उभ्या, म्हणून तळ उंच. अम्मीचे गुडघे गेलेले. तीन दारांच्या गाडीत मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं. डायलिसिसनंतर अम्मीला चक्कर येते, तेव्हा हे शक्यच नाही. तीन दारांची थार तिथंच बाद झाली. उरलेल्या गाड्यांसाठीही पायाखाली एक लाकडी पाट लागणारच होता.

दुसरा रकाना वाटेचा. घराच्या आधी दोन गडग्यांमधून वाट जाते. आम्ही दोरीनं मोजली, अरुंद जागी बरोबर सात फूट, म्हणजे २१३ सेंटिमीटर. रॉक्सची रुंदी १८७ सेंटिमीटर, गुरख्याचीही जवळपास तेवढीच. आरसे मिटून दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभरापेक्षा कमी जागा उरते. जिम्नी १६४.५ सेंटिमीटरची आहे. गडगा दुसऱ्याच्या मालकीचा आहे. तो सरकवायला सांगणं म्हणजे तीन पिढ्यांची भाऊबंदकी नव्यानं सुरू करणं.

तिसऱ्या रकान्यावर पडवी गप्प झाली. ‘गाडी चालवणार कोण?’ भाचा चाळीस दिवसांनी मस्कतला जाणार. वाडीतले तरुण मुंबईत किंवा आखातात. मागं राहतो आम्ही बायका आणि म्हातारे. अम्मीला डायलिसिसला मीच नेते, चार तास बाहेर बाकावर मीच बसते. माझ्याकडे लायसन्स आहे, शाळेत जायला मी बारा वर्षं छोटी गाडी चालवली आहे. पण इतक्या रात्रींच्या चर्चेत हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. भाच्यानं वही जवळ ओढली आणि मुकाट्यानं ‘ऑटोमॅटिक’ असं लिहिलं. गुरखा त्या शब्दाबरोबर गेली, ती फक्त हातगिअरची आहे.

उरल्या रॉक्स आणि जिम्नी, आणि इथं निवड सोपी नव्हती. सुरक्षेच्या बाबतीत रॉक्सचं पारडं जड आहे. भारत एनकॅपच्या चाचणीत तिला २०२४ मध्ये पाच तारे मिळाले. जिम्नीच्या तीन दारांच्या आवृत्तीला युरोपात २०१८ मध्ये तीनच मिळाले होते. इथल्या जिम्नीत सहा एअरबॅग आहेत, पण एअरबॅग म्हणजे तारे नव्हेत. जिम्नीत फक्त चौघं बसतात आणि सामानाला जागा तोकडी. मात्र वजन बाराशे किलोंच्या आसपास, त्यामुळे चिखलात कमी रुतते, आणि लो रेंज प्रत्येक मॉडेलमध्ये मिळते. आमचा प्रवास बहुतेक तीस-चाळीसच्या वेगाचा. हायवेवर रोज ऐंशीनं जाणाऱ्या घरानं मात्र वेगळा निर्णय घ्यावा, असंच मी सांगेन.

पैशाचंही बोलणं झालं. अम्मीला व्याजाची गाडी नको होती, म्हणून कर्ज नाही. जे साठलंय तेवढ्यातच. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला आणि छोट्या गाड्यांवर १८ टक्के झाला, तेव्हा आम्हाला आशा वाटली. पण ती सवलत चार मीटरच्या आतल्या, पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीपर्यंत असलेल्या गाड्यांना आहे. जिम्नी लांबीत बसते, इंजिनात नाही, म्हणून तिला ४० टक्केच. तरीही रॉक्सच्या फोर बाय फोरपेक्षा बरेच पैसे वाचत होते आणि त्यातून भाच्याच्या बहिणीची नर्सिंगची फी निघत होती. जिम्नी ठरली.

एक रकाना मात्र कोणत्याच गाडीला भरता आला नाही. रॉक्स ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, गुरखा ७००, असं कंपन्या सांगतात. तो आकडा साचलेल्या पाण्याचा आहे. दोन फूट वाहतं पाणी मोठ्या गाडीलाही उचलून नेतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा जुना पूल कोसळला तेव्हा दोन एसटी बस वाहून गेल्या. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली होतं. हे आम्ही पाहिलेलं आहे. जोर पाहून ज्याला थांबता येत नाही, त्याला कोणतीही गाडी उपयोगाची नाही.

म्हणून मुसळधार पावसाचा इशारा असला की आदल्या दुपारीच अम्मीला घेऊन महाडला मामूंकडे मुक्कामाला जायचं ठरलंय. आणि जाण्याआधी भाच्यानं पऱ्यावरच्या साकवाच्या खांबावर तेलरंगानं लाल रेघ ओढली. पाणी त्या रेघेला लागलं की गाडीची किल्ली खुंटीवरच राहणार.