सोंग आणि मूळ

बहुरूपी पोलिसाचे सोंग घेऊन दारी येतो आणि आपण हसतो, कारण खरा पोलीस आपण पाहिलेला असतो. सोंगाची सारी गंमत मूळ ठाऊक असण्यात आहे. जुने ब्रिटिश विनोदी चित्रपट अलीकडे पुन्हा पाहताना हीच कसोटी माझ्या मनात होती.

१९४९ च्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये अ‍ॅलेक गिनेसने एकाच उमराव घराण्यातील आठ माणसे उभी केली आहेत. धर्मोपदेशक, सेनापती, नौसेनापती, इतकेच काय, एक बाईसुद्धा! इंग्रज प्रेक्षक तेथे आपल्याच वरिष्ठांना हसला. ते हसणे निर्मळ आहे.

१९६० च्या ‘द मिलियनेअरेस’चे तसे नाही. शॉच्या १९३६ च्या नाटकातील इजिप्शियन डॉक्टर पडद्यावर भारतीय झाला. नाव मात्र अहमद एल कबीर! भारतात हा ‘एल’ कोण लावतो, असा प्रश्न तेथे कोणाला पडलेला दिसत नाही. भूमिका पीटर सेलर्सची. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या मनोरंजन-पथकातून तो हिंदुस्थानात हिंडला होता. कान तयार होता. शिवाय न्यायाने बोलायचे तर हा डॉक्टर हास्यास्पद नाही. गरिबांच्या सेवेत रमलेला तो सोफिया लॉरेनच्या कोट्यधीश नायिकेच्या पैशाला भुलत नाही. पण हसविण्याचे काम त्याच्या स्वभावाकडे नसून उच्चारांकडे सोपविलेले आहे. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी निघालेली ‘गुडनेस ग्रेशस मी’ ही ध्वनिमुद्रिका तर अफाट खपली.

१९६८ चा ‘कॅरी ऑन अप द खैबर’ त्या मानाने मला सुसह्य वाटतो. खैबरखिंड वेल्सच्या डोंगरात, संस्थानिक झालेला केनेथ विल्यम्स. सगळाच उघड तमाशा. तोफगोळे कोसळत असताना शांतपणे जेवत बसलेला साहेब हेच तेथील खरे लक्ष्य.

आम्हा माळव्यातील मराठी माणसांना नक्कल नवी नाही. आमच्या हिंदीची नक्कल शेजारी करतात, आम्हीही हसतो. कारण ते आम्हाला रोज भेटतात. हिंदी चित्रपटांतील मराठी मोलकरीण आणि हवालदार पाहताना मात्र हसू तितके सहज येत नाही.

याच गिनेसने १९८४ च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’त प्रोफेसर गोडबोले रंगविले. चित्रपट विनोदी नव्हे, पण परंपरा तीच. फॉर्स्टर १९२१ साली आमच्या शेजारच्या देवासला, थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव होता. कादंबरीतले नारायण गोडबोले गोकुळाष्टमीच्या उत्सवात तुकोबांच्या नावाने भजन करतात. असे गोडबोले आमच्या ओळखीत आहेत. गिनेसच्या काळवंडलेल्या चेहऱ्यात मला त्यांपैकी एकही सापडला नाही. आठ उमरावांना आठ तऱ्हा देणारा हा थोर नट. पण डॉक्टर अझीझ व्हिक्टर बॅनर्जींना मिळाला आणि गोडबोल्यांसाठी मात्र साहेबच लागला.

१९९८ साली ब्रिटनमधील भारतीय वंशाच्या कलावंतांनी बी.बी.सी.वर विनोदी मालिका आणली आणि सेलर्सच्या त्या गाण्याचेच नाव तिला दिले. तिच्या एका प्रवेशात भारतीय मित्रांचे टोळके इंग्रजी खाणावळीत शिरते. गोऱ्या वाढप्याच्या साध्या जेम्स या नावाचा उच्चार त्यांना काही केल्या जमत नाही, आणि ते मोठ्या आवाजात विचारतात, सर्वांत बेचव पदार्थ कोणता?