टेकडीवरचे विमान

मुलांनो, पुण्याहून लोकलने लोणावळ्याला जाताना कामशेत नावाचे स्टेशन लागते. हा सारा मावळ तालुका. दोन्ही बाजूंना सह्याद्रीचे डोंगर आणि मध्ये भाताची खाचरे. पावसाळ्यात येथे धुके इतके दाट असते, की समोरची टेकडी दिसत नाही. दिवाळीनंतर मात्र आकाश मोकळे होते. मग टेकड्यांवरून रंगीबेरंगी पॅराग्लायडर उडू लागतात. तुमच्यापैकी काहींनी ते पाहिलेही असतील. टेकडीवरचा हाच वारा आणखी एका छंदाला उपयोगी पडतो. तो छंद म्हणजे रेडिओच्या साहाय्याने छोटी विमाने उडवणे.

आमच्या शेजारच्या चाचांना हा छंद आहे. मी त्यांच्याबरोबर अनेकदा टेकडीवर गेलो आहे. त्यांचे विमान बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे असते. त्याला इंजिन नसते. मग ते उडते कसे? पश्चिमेचा वारा टेकडीवर आदळतो. पुढे जायला वाट नसते, म्हणून तो उतारावरून वर चढतो. या वर चढणाऱ्या वाऱ्यावर विमान तरंगते. डोंगरकड्यावर घार पंख न हलवता फिरते, तिचेही गुपित हेच.

चाचांच्या हातात एक पेटी असते. तिला ट्रान्समीटर म्हणतात. तिच्यावर दोन लहान दांड्या असतात. दांडी हलवली, की रेडिओ लहरी विमानातल्या रिसीव्हरपर्यंत पोहोचतात. मग सर्व्हो नावाच्या छोट्या मोटारी पंखांच्या आणि शेपटीच्या पट्ट्या हलवतात. चाचा आधी विमानाला खाली झेपावू देतात. त्याला वेग आला, की शेपटीची पट्टी वर उचलतात. विमान सरळ वर चढते, उलटे होते आणि पूर्ण गोल फिरून पुन्हा सरळ होते. या कसरतीला 'लूप' म्हणतात. खऱ्या विमानाने पहिली लूप १९१३ साली नेस्तेरोव या रशियन वैमानिकाने कीव्ह शहरावर घेतली.

हे काम दिसते तितके सोपे नाही. विमान आपल्यापासून दूर जाते, तेव्हा त्याची उजवी बाजू तीच आपली उजवी बाजू. ते आपल्याकडे येऊ लागले, की डावे-उजवे उलटे होते. विमान पाठीवर उडत असेल, तर वर नेणारी दांडी त्याला जमिनीकडे नेते. विचार करायला वेळ नसतो. छोटे हेलिकॉप्टर तर याहून अवघड. त्याच्या पात्यांचा कोन उलटा करता येतो, म्हणून ते पाठीवर होऊन एकाच जागी थांबू शकते. पण त्याची पाती इतक्या वेगाने फिरतात, की बोट लागले तर मोठी इजा होते.

एकदा थंडीच्या दिवसांत चाचांनी नवे विमान आणले होते. ते बांधायला त्यांना अडीच महिने लागले होते. दोन लूप छान झाल्या आणि अचानक वारा पडला. विमान टेकडीच्या खाली उतरू लागले. पलीकडे कापणी झालेले मोकळे शेत होते. पण मधल्या पायवाटेने शाळेतली मुले घरी चालली होती. चाचांनी क्षणभरही वाट पाहिली नाही. त्यांनी विमान वळवले आणि करवंदीच्या जाळीत घातले. एक पंख कडकन मोडला.

मी म्हणालो, "चाचा, शेत थोडेच लांब होते. विमान मुलांच्या डोक्यावरून सहज गेले असते."

ते म्हणाले, "बेटा, गेलेही असते. पण नसते गेले तर? पंख मला पुन्हा करता येईल."

मग ते काटे बाजूला करून विमानाचे तुकडे गोळा करू लागले.

चाचांचे नियम कडक आहेत. आकाशात पॅराग्लायडर असेल, तर ते विमान पिशवीतून काढतच नाहीत. लोणावळ्याला 'आय.एन.एस. शिवाजी' हे नौदलाचे केंद्र आहे. अशा ठिकाणांच्या जवळ ते कधीच उडवत नाहीत. वैमानिकाशिवाय उडणाऱ्या यंत्रांसाठी सरकारने २०२१ साली नियम केले आहेत. उडवण्यापूर्वी ते माहीत असायलाच हवेत.

मुलांनो, खेळण्याला कमी लेखू नका. १८७८ साली राइट बंधूंच्या वडिलांनी त्यांना रबराच्या पिळावर उडणारे एक खेळणे आणून दिले होते. त्याच भावांनी १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिनाचे विमान उडवले. तुम्ही कागदाच्या विमानापासून सुरुवात करा. त्याच्या नाकाला एक टाचणी लावा आणि उड्डाणात काय फरक पडतो ते पाहा. तुमच्या शाळेत एन.सी.सी.ची एअर विंग असेल, तर तेथे विमानांच्या प्रतिकृती बनवायला शिकता येते. आणि कधी कामशेतला गेलात, तर टेकडीच्या कडेपासून जरा मागे, मोठ्या माणसांबरोबर उभे राहा. खालून वर येणारा वारा तुमच्या तोंडावर लागेल.