संध्याकाळी पाचची सावली

कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, लावायला जागा शोधणारी मंडळी जे कुठेही पाहतील तेच इथेही पाहतात. पोहण्याचा तलाव आहे का, वाय-फाय चालते का, स्वच्छतागृहे रोज धुतली जातात का, चाळीस फुटी गाडी मागे-पुढे न करता आरपार लागते का. यात वावगे काही नाही, पण हे खोरे चारचौघांसारखे नाही. पूर्वेला सिएरा नेवाडा, पश्चिमेला किनाऱ्यालगतच्या डोंगररांगा आणि मधल्या सपाटीवर क्षितिजापर्यंत बागा, मळे, गोठे आणि कालवे. जगातल्या बदामांपैकी सुमारे 80 टक्के कॅलिफोर्नियात होतात आणि त्यांतले जवळजवळ सगळे या आणि याला उत्तरेकडून जोडलेल्या खोऱ्यातून येतात. उन्हाळ्यात पावसाचे नाव नाही. फ्रेस्नो शहराचे जुलैचे कमाल तापमान सरासरीनेच 37 अंशांच्या घरात जाते, म्हणजे चाळिशी गाठणारे दिवस तिथे बातमीचा विषय होत नाहीत. अशा मुलखात मुक्कामाची जागा सोयींच्या यादीवरून निवडू नये, शेजारच्या शेतावरून निवडावी, असे माझे म्हणणे आहे. ऊन, वारा आणि पाणी यांचा हिशेब इथल्या शेतकऱ्याने कधीच करून ठेवला आहे, आणि तो रस्त्याच्या दुतर्फा ओळीने उभा आहे. तो वाचता आला पाहिजे, इतकेच.

आधी उकाड्याची गोष्ट. नकाशावर हे खोरे एकजात पिवळे दिसते, पण उकाडा सगळीकडे सारखा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातून कार्किनेझच्या सामुद्रधुनीवाटे संध्याकाळी गार वारा आत शिरतो. त्याला इथे ‘डेल्टा ब्रीझ’ म्हणतात. स्टॉकटनला तो चांगलाच लागतो, मोडेस्टोला बऱ्यापैकी. फ्रेस्नोपर्यंत येता येता त्याची धार जाते आणि बेकर्सफील्डच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. त्यामुळे शंभर मैल उत्तरेला थांबणे ही कित्येकदा तलावापेक्षा मोठी सोय ठरते. उलट, पायथ्याच्या धरणांकडे धाव घेण्यात मात्र फसगत आहे. व्हायसेलिया शहर समुद्रसपाटीपासून 100 मीटरवर, कवीया तलाव 200 मीटरच्या जरा वर. हवा हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे या चढाने पदरात एक अंशही पडत नाही. शिवाय रात्री गार हवा उतारावरून ओघळून खोऱ्याच्या तळाशी साचते आणि पायथ्याचा पट्टा तुलनेने उबदार राहतो. तुलेरी जिल्ह्यातल्या संत्र्याच्या बागा नेमक्या त्याच पट्ट्यात का, याचे उत्तर हेच आहे. हिवाळ्यात दहिवरापासून झाड वाचावे म्हणून ती जागा निवडली गेली. डिसेंबरात संत्र्याला जे मानवते तेच जुलैच्या रात्री माणसाला जाचते. तलावाकाठचा तळ घेताना पाण्याचे वेळापत्रकही पाहावे, कारण ही धरणे बांधली ती पूर रोखायला आणि शेताला पाणी पुरवायला. सहल हे नंतरचे प्रकरण. कवीया तलाव जूनच्या सुमाराला भरतो तेव्हा काठच्या तळाचा काही भाग पाण्याखाली जातो, आणि ऑगस्टमध्ये तेच पाणी शेतांत गेलेले असते. मग ‘तलावाकाठी’ अशी पाटी असलेल्या जागेतून पाणी गाठायला भेगाळलेल्या उतारावरून बरीच पायपीट करावी लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. गाडीला वातानुकूलन यंत्र आहे, मग सावलीचे आणि वाऱ्याचे एवढे कौतुक कशाला? या आक्षेपाला उत्तर विजेच्या खांबाशी मिळते. छतावरचे यंत्र बाहेरच्यापेक्षा साधारण अकरा अंश गार हवा देते, असा रूढ हिशेब आहे. बाहेर 42 असेल आणि पत्रा दिवसभर तापलेला असेल, तर आत 31 अंश, तेही यंत्राने दम न टाकता घरघर केली तर. तीस अँपिअरच्या जोडणीवर 3,600 वॅट मिळतात; त्यात एक यंत्र चालते, दुसरे लावले की खटका पडतो. पन्नास अँपिअरच्या जोडणीवर 12,000 वॅट मिळतात, म्हणून मोठ्या गाड्या तीच मागतात. पण खांबावर जे लिहिले आहे ते तारेत असेलच असे नाही. संध्याकाळी चार ते सात या वेळात आरव्ही पार्कमधल्या झाडून साऱ्या गाड्यांची यंत्रे एकदम ओढू लागली की जुन्या तारांतला दाब घसरतो, आणि 120 व्होल्टचा आकडा 105 च्या खाली गेला की काँप्रेसरच्या जिवावर बेतते. म्हणजे ज्या वेळी यंत्राची सर्वाधिक गरज, त्याच वेळी त्याचा भरवसा सर्वांत कमी. पार्क केव्हा बांधला आणि तारा केव्हा बदलल्या, हे विचारायला संकोच वाटतो खरा. पण तलावाची खोली विचारण्यापेक्षा ते उपयोगाचे आहे.

तर सावली. ती कोणत्या वेळची, हे महत्त्वाचे. बहुतेक पार्कांच्या छायाचित्रांत सकाळची कोवळी सावली दिसते, कारण छायाचित्रे तेव्हाच चांगली येतात. पण घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे केलेले असते आणि जूनअखेरीस फ्रेस्नोत सूर्य मावळतो तो आठ वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. पारा चढतो तो चार-पाचच्या दरम्यान, आणि तेव्हा ऊन पश्चिमेकडून तिरपे, थेट गाडीच्या भिंतीवर येते. डोक्यावरचे झाड तेव्हा कामाचे नाही. झाड पश्चिमेला हवे. अमेरिकी गाड्यांची ताडपत्रीची पडवी उजव्या बाजूला असते आणि फ्रिजची झडप बहुधा डाव्या. गाडीचे तोंड उत्तरेला केले तर पडवी पूर्वेला येते आणि संध्याकाळी गाडीच्याच सावलीत खुर्च्या टाकून बसता येते, पण फ्रिज पश्चिमेच्या उन्हात भाजून निघतो. तोंड दक्षिणेला केले तर पडवी भिंतीचा बचाव करते, फ्रिज सुखी राहतो आणि बाहेर बसायचे राहून जाते. जाणकारांत यावरून दोन तट आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मी उत्तरमुखींच्या बाजूने मत देईन. जुलैत संध्याकाळी पाच वाजता बाहेर बसणारा माणूस मुळात असतो कुठे? सेल्माच्या आसपासच्या बेदाणा उत्पादकाने मात्र हा वाद पूर्वीच मिटवला आहे. तो वेलींच्या ओळी पूर्व-पश्चिम आखतो, कारण ऑगस्टअखेर द्राक्षे तोडून ओळींच्या मधल्या जमिनीवर कागदाच्या ताटांत अंथरायची असतात आणि त्यांना दिवसभर ऊन लागायला हवे असते. जात थॉमसन सीडलेस, म्हणजे आपल्या तासगावच्या द्राक्षांच्या गणगोतातलीच; तास-ए-गणेश ही तिच्यातूनच निवडलेली. तासगावात बेदाणा शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत सुकतो, सेल्मात तो उघड्या उन्हात. फळाला सावली द्यायची की ऊन, हे दोन्हीकडे दिशा पाहून ठरते. पार्क आखणाऱ्यांनी मात्र पुष्कळदा जागेच्या फक्त कडा पाहिलेल्या असतात.

याच राज्यात शेतमजुरांसाठी 2005 पासून उन्हाचे नियम आहेत. पारा 80 फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 27 अंशांच्या वर गेला की मालकाने विसाव्यासाठी सावली उभी करायची, आणि पिण्याचे पाणी तासाला माणशी एक क्वार्ट, म्हणजे लिटरभराच्या हिशेबाने पुरेल इतके ठेवायचे. हे नियम पाळले किती जातात, हा वेगळा आणि कटू विषय आहे. पण त्या मोजमापाने पाहिले तर, पार्कमधल्या ज्या ‘प्रीमियम’ जागेवर सिमेंटचा ओटा, मेज आणि खडी आहे पण एकही झाड नाही, ती द्राक्षे तोडणाऱ्या माणसाला विसाव्यासाठी दाखवणेही बेकायदा ठरेल. प्रवासी तिथे पैसे भरून राहतो. झाड असले की प्रश्न सुटला असेही नाही, हे इथेच सांगितलेले बरे. इथला व्हॅली ओक आणि निलगिरी यांना निवांत, वारा पडलेल्या दुपारी अचानक भलीमोठी फांदी टाकून द्यायची खोड आहे. फांद्या छाटलेल्या दिसत नसतील, तर जुन्या भव्य ओकच्या बुंध्याशी गाडी लावण्यापेक्षा त्याची लांबवर पडलेली संध्याकाळची सावली घ्यावी.

शेजार हा या खोऱ्यातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा, कारण शेजार दर महिन्याला बदलतो. बदामाची बाग फेब्रुवारीत फुलते तेव्हा तिच्यासारखा शेजार नाही. देशभरातून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकांवर लादून तिथे येतात. तीच बाग ऑगस्ट ते ऑक्टोबर अंगावर येते. यंत्र खोडाला धरून झाड गदागदा हलवते, बदाम जमिनीवर पडून सुकतात, मग झोताने आणि झाडणीने त्यांच्या ओळी लावून उचलतात, आणि प्रत्येक पायरीला धुरळा उडतो. या मातीत ‘व्हॅली फीवर’ची बुरशी असते, विशेषतः कर्न जिल्ह्यात, श्वासावाटे गेलेल्या तिच्या बीजाणूंनी महिनोन्‌महिने छातीचा आजार होऊ शकतो, आणि उन्हाळ्याचा शेवट व त्यापुढचा काळ जास्त जोखमीचा. द्राक्षमळा दिसायला शांत, पण भुरी रोगावर गंधकाची धुरळणी होते तेव्हा डोळे चुरचुरतात, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी यंत्राने रात्री होते, दिवे लावून. संत्र्याच्या बागेतल्या पार्कमध्ये वसंतात सुगंध दरवळतो. डिसेंबरच्या कडाक्याच्या रात्री बागेतले मोठे पंखे मात्र हेलिकॉप्टर उतरल्यासारखे घुमतात. गोठ्यांचा वास बारमाही, आणि तिथे वारा कुठून येतो एवढेच पाहायचे. खोऱ्यात तो उन्हाळ्यात बहुधा वायव्येकडून येतो, म्हणून गोठा आपल्या वायव्येला नको. निर्बंधित कीटकनाशकांच्या फवारणीची आगाऊ सूचना 2025 पासून राज्याच्या ‘स्प्रेडेज’ सेवेतून मिळते. ती मुख्यतः तिथल्या रहिवाशांसाठी आहे, पण पाहुण्यानेही घ्यावी. पाण्याचेही तसेच. शहराच्या नळाचे पाणी नसून पार्कची स्वतःची विहीर असेल, तर नायट्रेटची तपासणी झाली आहे का ते विचारावे. वर्षानुवर्षांचे खत आणि शेण झिरपून इथल्या भूजलात नायट्रेट वाढले आहे, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट दाट होते.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सरळ डोंगरावर जावे. सिक्वोया राष्ट्रीय उद्यानातला लॉजपोलचा तळ 2,000 मीटरवर आहे आणि तिथली हवा खरोखरच वेगळी. पण व्हायसेलियाकडून वर चढणाऱ्या रस्त्यावर पॉटविशाच्या तळापुढे 22 फुटांहून लांब वाहनांनी जाऊ नये अशी सूचना आहे, इतकी ती वळणे आवळलेली आहेत. फ्रेस्नोकडचा रस्ता सोपा आहे. तिथेही जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. त्यात वणवे. 2021 च्या केएनपी वणव्याच्या वेळी उद्यानाचा मोठा भाग बंद होता. म्हणून मोठ्या गाडीवाल्यांना गाडी खोऱ्यात ठेवून छोट्या मोटारीने वर जाऊन यावे लागते, आणि खोऱ्यातली जागा निवडण्यावाचून सुटका नसते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. ज्यांच्या घामावर आपले ताट भरते त्यांच्या कामाच्या धुळीला आणि वासाला पाहुण्याने नाक मुरडावे का? नाक मुरडू नये, हे कबूल. पण काढणीच्या हंगामात बदामाच्या बागेशेजारी जाऊन राहायचे आणि मग व्यवस्थापकाकडे तक्रार करायची, हेच तर शेताकडे न पाहता जागा निवडणारा करतो. वेळापत्रक पाहणारा त्या वाटेला जात नाही, आणि त्याने कुणाची अडचणही होत नाही. ‘इथे कायम राहणारे लोक फार’ हा पार्कविरुद्धचा शेराही याच नजरेने वाचावा. अनेक पार्कांत जुन्या ट्रेलरांमधून शेतावरची, पॅकिंग शेडमधली आणि ट्रकवरची कुटुंबे वर्षभर राहतात. त्यांच्यासाठी तो पार्क म्हणजे वस्ती आहे, आणि या खोऱ्यात तळ म्हणजे आधी कामकऱ्यांची वस्तीच होती. बेकर्सफील्डच्या दक्षिणेला आर्विनजवळ 1936 मध्ये केंद्र सरकारने स्थलांतरित मजुरांसाठी छावणी उभारली, ती वीडपॅच म्हणून ओळखली जाते. टॉम कॉलिन्स तिचे व्यवस्थापक होते, रहिवाशांच्या निवडलेल्या समित्या कारभार पाहत, आणि कादंबरीकार स्टाइनबेक तिथे येऊन गेले होते. 1939 च्या त्यांच्या कादंबरीतली सरकारी छावणी तिथूनच आली. त्या छावणीची थोरवी नळ, शौचकूप आणि न्हाणीघर यांवर ठरली. जे जूनपासून सप्टेंबरपर्यंत उकाडा सोडून जाऊ शकत नाहीत, त्यांनी पार्कमधल्या कोणत्या ओळी धरल्या आहेत हे पाहिले तर पश्चिमेला झाड कुठे आहे ते बहुधा कळते.

आणि ज्याला फक्त एक रात्र काढून योसेमिटीला किंवा लॉस एंजेलिसला निघायचे आहे, त्याने यांतले काहीही मनावर घेऊ नये. हायवे 99 ला लागून हवे तेवढे पार्क आहेत. मालगाड्यांचे रूळ बहुतेक ठिकाणी शेजारीच असतात आणि फाटकावर रात्रभर भोंगे वाजतात, एवढे माहीत असू द्यावे. सूर्य मावळल्यावर पोचावे, जी स्वस्त असेल ती जागा घ्यावी आणि आठच्या आत वाटेला लागावे.