जिनाचा भोंगा

मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची मोठी गाडी निघून गेली, की फलाटापलीकडे शकुंतला उरायची. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी एका अंगानं दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जायची, दुसऱ्या अंगानं कारंजा, दारव्हा करत यवतमाळला. यवतमाळ 113 किलोमीटर, पण दिवस त्यातच सरायचा. फाटक आलं की गाडी थांबे. माणूस उतरून फाटक लावी, गाडी पलीकडे गेली की उघडून परत चढे. गेल्या दशकात दोन्ही बाजूंच्या गाड्या बंद झाल्या.

तिच्यासाठी हळहळणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांतलीच. पण ती आली होती कापसासाठी. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि साऱ्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. 1867 ला लोहमार्ग नागपूरला पोचला. 1870 ला खामगावच्या कापूसबाजारासाठी जलंबहून खास फाटा निघाला. पुढे किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकारानं शकुंतलेचे अरुंद रूळ पडले. या रुळांवर धावलेलं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 सालचं. ते 1994 पर्यंत चाललं.

गाडीच्या मागोमाग गावोगाव जिन आले. त्याआधी सरकी काढायची ती घरच्या लाकडी रेच्यावर. दोन लाटांमध्ये कापूस धरायचा, दांडा फिरवायचा. रुई पुढे सरके, सरकी अलीकडेच गळून पडे. हे काम बायकांचं. सरकी घरच्या गुराला, रुई पिंजायला, सूत कातायला आणि मग कोष्ट्याकडे. माझ्या आजीच्या मायनं आयुष्यभर रेचा फिरवला. जिन आला आणि त्या हातांना काम उरलं नाही. शकुंतलेवर लेख आले, छायाचित्रं आली. रेचा थांबला तेव्हा कुणी एक ओळ लिहिली असेल असं मला वाटत नाही.

त्याच मायची लेक पुढं जिनावर मजुरीला गेली. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. पहाटे भोंगा झाला की बाया डोक्याला फडकं आणि नाकाला पदर बांधून निघत. डबल रोलरच्या रांगेपुढं उभं राहून कापूस हातानं पुढं सारायचा. रुईचा तूस पापण्यांवर, केसांत, छातीत. तीन मण कापसातून मणभर रुई निघते, बाकी सरकी. आजी हा हिशेब मूठ पाहून सांगायची. कवडी कापूस किती, ओला किती, कोणत्या शेतातला, हे तिच्या बोटांना कळे. तिचा खोकला मात्र बाराही महिने चाले, आणि त्याला घरात कुणी जिनाचं नाव दिलं नाही. पण पहिल्या हप्त्यातून तिनं स्वतःच्या पसंतीचं लुगडं घेतलं होतं. तिच्या मायला स्वतःच्या हातात असा पैसा कधी मिळाला नव्हता. मी जिनाला नुसती शिवी देऊ शकत नाही ती एवढ्यासाठी.

जिन बंद पडला तेव्हा ती म्हातारी झाली होती. महिनाभर पहाटे उठून बसायची. एकदा म्हणाली, "भोंगाच नाई वाजत, त सकाळ झाली कसं समजावं वं माय?" आणि रडली. जिच्या मायचा रेचा जिनानं हिरावला, ती जिनासाठी रडत होती. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं. आता वाटत नाही. तिच्या जोडीच्या बाया, पोळीभाजीची देवाणघेवाण, भोंग्याबरोबर हलणारं सगळं गाव, हे तिचं होतं. यंत्र परक्याचं असेल, त्याच्याभोवती तिनं उभं केलेलं आयुष्य परक्याचं नव्हतं.

आता नव्या जिनांत कापूस नळानं ओढला जातो. जिथं बायांची रांग होती तिथं थोडी माणसं पुरतात. तूसही कमी, हे चांगलंच झालं. अचलपूरची फिनले मिल 2020 च्या टाळेबंदीत थांबली, आणि तिथं तर गाडीही उरली नाही.

वेचणी तेवढी अजून हातानं होते. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतात, दहीभात शिंपडतात, मग बाया ओटी बांधून पऱ्हाटीत शिरतात. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलतात. वेचणीयंत्राला सोयीची म्हणून बुटकी, एकदम फुटणारी वाणं दाट पेरून पाहणं सुरू आहे. मजूर मिळत नाही म्हणून शेतकरीही त्याची वाट पाहतो, आणि त्याचं खोटं नाही. दर्यापूरकडच्या एका शेतात मी वेचणाऱ्या बाईला यंत्राबद्दल विचारलं. ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा करत ती म्हणाली, "येऊ द्या न बाई, कंबरडं त मोडलंच हाय. पण आमाले कोन्त्या कामावर लावसान, थे पयले सांगा."