नांदीच्या आधी, पॅरिस

बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात संगीत नाटक लागलं, की मी ऑर्गन दिसेल अशी कडेची खुर्ची मागून घेतो. बुकिंगवाल्याला नवल वाटतं. पण मला वादकाचे पाय बघायचे असतात. लोक हातांकडे बघतात. वाद्याचा श्वास खाली चाललेला असतो. एक पाय दाबतो, दुसरा उचलला जातो. गायिका तानेच्या टोकाकडे निघाली, की पावलांची लय वाढते, गुडघा बाजूची पट्टी ढकलतो आणि सूर भरून येतो.

याच जातीच्या हार्मोनियमचं पेटंट अलेक्झांद्र दबँने १८४२ साली पॅरिसमध्ये घेतलं. त्याचा भाता हवा पात्यांतून बाहेर ढकलतो. आपल्या नाटकांतल्या ऑर्गनचा सहसा आत ओढतो, म्हणून सूर जरा मऊ. युरोपात ही वाद्यं म्हणजे तडजोड. नळ्यांचा भव्य ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चची सोय. तरी संगीतकार सेझार फ्रँक १८९० साली, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, हार्मोनियमसाठी छोट्या रचना लिहीत होता. लुई व्हिएर्नने १९१३-१४ मध्ये २४ रचना केल्या, ऑर्गनवर वाजवा नाहीतर हार्मोनियमवर.

इंग्रज एल्गारच्या ‘व्हेस्पर व्हॉलंटरीज’ फ्रँकच्याच काळातल्या. सभ्य पाहुण्यासारख्या: गोड बोलतात, वेळेवर उठतात. मला व्हिएर्न आवडतो. तो चार-चार सूर एकदम धरतो. त्यातला एकच सरकतो, बाकीचे हटत नाहीत. रागाला सरावलेला कान आधी गोंधळतो, षड्ज गेला कुठे? तो सापडतो, पण भलत्याच ठिकाणी.

आपल्याकडे या वाद्याला वेगळं काम मिळालं: गाणाऱ्याची पाठ सोडायची नाही. भाता पायांवर, म्हणून दोन्ही हात मोकळे. तिकडे ते दोन हात दोन वाटांनी जातात. ऑर्गनवादक हरिभाऊ देशपांड्यांनी ते बालगंधर्वांच्या एका गळ्यामागे लावले. गाणाऱ्याने दम घेतला, तरी सूर तुटत नाही. तो ऑर्गनकडे असतो. तिकडची तडजोड इथे मानाच्या जागी बसली, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

एकदा कुणीतरी तिसरी घंटा आणि नांदी यांच्या मध्ये, त्याच ऑर्गनवर, व्हिएर्नची एक रचना वाजवावी. निर्माता घड्याळ बघेल, मागच्या रांगेतून ‘नाटक सुरू करा’ अशी हाक येईल. येऊ दे.