आजची मजुरी

म्हातारे माणूस विसरू लागले की त्याला आमच्याकडे तीन नावे तयार असतात. एक म्हातारचळ, दुसरे साठी बुद्धी नाठी आणि तिसरे, बाहेरचे काहीतरी झाले. माझ्या सासूबाईंच्या बाबतीत ही तिन्ही नावे मी ऐकली. खरे नाव, स्मृतिभ्रंश म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत डिमेन्शिया, ऐकायला दीड वर्ष लागले आणि जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला तीन खेपा झाल्या.

आत्याबाईंनी (आमच्यात सासूला आत्याबाईच म्हणतात) बहात्तरी गाठली आहे. अंबड तालुक्यात पन्नास वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केली, पऱ्हाटीतला कापूस वेचला. सकाळी आपण जेवलो की नाही हे आज त्यांना सांगता येत नाही. मात्र 1972 च्या दुष्काळात कोणत्या रस्त्यावर खडी फोडली, सुकडी कशी वाटत आणि मिलोची लाल भाकर घशाखाली कशी उतरत नव्हती, हे त्या तासभर सांगतात. या आजारात नवे आधी जाते आणि जुने मागाहून, असे डॉक्टरांनी समजावले. हाताला लागलेली सवय तर त्याहून उशिरापर्यंत टिकते.

तपासणीबद्दल एक सांगते, कारण पुष्कळ घरांना त्याचा उपयोग होईल. पहिल्या दवाखान्यात त्यांना शंभरातून सात, पुन्हा सात असे वजा करायला सांगितले आणि कागदावर घड्याळ काढायला लावले. ज्या बाईने जन्मात पेन्सिल धरली नाही, ती इथे नापास होणारच. निरक्षर माणसांसाठी वेगळी प्रश्नावली आपल्या देशात केव्हाच तयार झालेली आहे. हरियाणातल्या बल्लभगढ भागातील खेड्यांमध्ये ती वापरली गेली आणि 1995 साली प्रसिद्ध झाली. लिहिण्यावाचण्यावाचून उत्तर देता येईल असे प्रश्न तिच्यात आहेत. दुसऱ्या डॉक्टरांनी गाव कोणते, आता सकाळ की संध्याकाळ, असेच विचारले. थायरॉईड आणि बी-12 साठी रक्त तपासले, कानही तपासले. या गोष्टींमुळे किंवा मन खचल्यामुळेही माणूस विसरतो आणि ते बरेचसे सुधारता येते. म्हणून कोणी नुसते ‘वय झाले’ म्हणून घरी पाठवले तर ऐकू नये.

देशभरच्या एका मोठ्या पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना हा आजार, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे. पुरुषांपेक्षा बायांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, शिक्षण कमी तिथे जास्त. मी वाणिज्य शाखेची, रोज आकड्यांतच बसते. पण खेड्यातली निरक्षर म्हातारी बाई हा हिशेब वाचताना मला आमचेच घर दिसले.

आता अडचण दिवसाची. माझी कचेरी दहाला. मिस्टर रोलिंग मिलमध्ये पाळीवर. पोरे कॉलेजात. आत्याबाई एकदा घराबाहेर पडल्या तर मोतीबागेपर्यंत चालत जाऊन परतीची वाट विसरतात. आमच्या वस्तीत दोन घरांतली माणसे म्हाताऱ्यांना आत ठेवून बाहेरून कडी लावतात आणि कामावर जातात. मी त्यांना दोष देत नाही. रोज बुडाला तर चूल बुडते. नोकरी सोडावी का, असा विचार माझ्याही घरात दोनदा झाला, आणि दोन्ही वेळा सोडायची ती माझीच, हे कोणी न बोलता ठरलेले होते.

त्याच सुमारास हॉलंडमधल्या शेतांविषयी वाचनात आले. तिथे चालू शेतीवरच आजारी, अपंग आणि विसराळू माणसांना दिवसभर सांभाळतात. अशी शेते 1998 साली पाऊणशेच्या आसपास होती, पुढच्या दहा-अकरा वर्षांत ती हजारावर गेली. सकाळी गाडी येते, चहाकॉफी होते. मग कोणी कोंबड्यांना दाणे टाकतो, कोणी अंगण झाडतो, कोणी भाजी चिरतो, कोणी नुसता बसून गाई बघतो. दुपारी सर्वांचे गरम जेवण आणि संध्याकाळच्या आत घरी. खर्चाचा मोठा भाग सरकारी पैशातून येतो. 2015 पासून ही जबाबदारी तिथल्या नगरपालिकांकडे आहे. नॉर्वेतही असे काम चालते. त्याच्या नावाचाच अर्थ ‘अंगणात’ असा आहे.

आजार तिथेही बरा होत नाही. संशोधकांनी नेहमीच्या दिवसघरातली माणसे आणि शेतावरची माणसे ताडून पाहिली. शेतावरची माणसे जास्त हिंडतात, जास्त वेळ उघड्यावर असतात, पोटाला जास्त खातात आणि पाणीही जास्त पितात, असे आढळले. हातचे कामकाज जमण्यात मात्र फारसा फरक दिसला नाही. मला एवढेही पुष्कळ वाटले. आत्याबाईंना दोन घास भरवायला मला पाऊण तास लागतो.

माझ्या नणंदेकडे दोन एकर पाण्याखालची जमीन आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाने 2004 साली भूमिहीनांसाठी योजना निघाली, तिच्यात तिच्या सासरी मिळालेली. मागच्या आषाढापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार आम्ही आत्याबाईंना आणि वस्तीतल्या आणखी दोघांना रिक्षाने तिच्या आखाड्यावर नेतो. दोघांपैकी एक आजोबा पूर्वी सालगडी होते. लिंबाखाली खाट, एक डाल, पाच शेळ्या. पहिल्याच दिवशी नणंदेने आत्याबाईंपुढे मुगाच्या शेंगांचा ढीग ठेवला. बोटे चालू झाली ती थांबेनात. सुपात घेऊन पाखडले तेव्हा फोलपटे बरोबर पुढे पडली आणि दाणे मागे राहिले. त्या दिवशी त्यांनी दीड भाकर खाल्ली.

मात्र दुपार कलल्यावर त्या अस्वस्थ झाल्या. “मुकादम आला का? हजेरी लागली का माही?” पुन्हा पुन्हा तेच. शेंगा अजून राहिल्या म्हणून त्या उठायला तयार होईनात. शेत पाहिल्यावर परदेशातल्या म्हाताऱ्याला कदाचित बालपण आठवत असेल. आमच्या माणसांना हजेरीपट आठवतो. बांधावर दुरून पाणी ओतून घेतल्याचे आठवते, मालकाच्या वाड्यावर फुकट केलेले काम आठवते. आजोबा तर नणंदेच्या नवऱ्याला, वयाने लेकाएवढ्या माणसाला, मालक म्हणू लागले. तेव्हापासून तो त्यांच्या शेजारी खाली बसूनच बोलतो आणि भाकर आधी त्यांच्या हातात देतो.

आणि मग मजुरी. निघताना आत्याबाईंनी हात पुढे केला, “आजची मजुरी?” नणंद हसली, “माय, आपलंच वावर हाय.” त्या हसल्या नाहीत. “फुकट काहून करू?” या प्रश्नावर आमच्या घरात चांगलाच वाद झाला. मिस्टरांचे म्हणणे असे की हा उपचार आहे, आईला नोटेचे काय कळते. हॉलंडमध्येही शेतावर येणाऱ्यांना सहसा पगार नसतो. माझे मत निराळे आहे. फुकट कामाला आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी वेठ म्हणतात आणि ती मोडायला आयुष्ये गेली. तारीख, वार, नातवाचे नाव हे सगळे विसरलेल्या बाईला एवढे लक्षात असेल, तर उपचाराच्या नावाखाली ते तिच्याकडून काढून घेऊ नये. आता रोज निघताना नणंद तिघांनाही वीस रुपयांची नोट देते, आजोबांनाही, ज्यांनी दिवसभर फक्त शेळ्या पाहिलेल्या असतात. आत्याबाई ती पदराच्या गाठीला मारतात. हजेरीसाठी वहीत अंगठा घेतो, म्हणजे जीव शांत होतो. ढीग मात्र आता लहान ठेवतो, संपला पाहिजे म्हणून.

ज्यांना असे करून पाहायचे असेल त्यांनी आधी शेत फिरून पाहावे. कठडा नसलेली विहीर आपल्या जिल्ह्यात पावलोपावली आहे. कडवंचीसारख्या गावात शेततळ्यांनी द्राक्षे पिकवली, पण त्या तळ्याचा प्लास्टिकचा उतार इतका निसरडा असतो की तरणा माणूसही आत पडला तर वर येत नाही. आम्ही विहिरीला जाळी मारून घेतली. फवारणीची औषधे कुलपात ठेवली, कारण विसराळू माणूस बाटली पाहून पाणी समजतो. फवारणीच्या दिवशी कोणालाच नेत नाही. म्हाताऱ्या बायांसाठी आडोशाचा संडास लागतो. आणि एक धडधाकट माणूस सतत जवळ लागतो. हे काम नणंद करते. आठवड्यातले तीन दिवस तिचा रोज बुडतो, तो तिन्ही घरे मिळून भरून देतो.

हिशेब मी ठेवते. रिक्षा, भाकरभाजी, नणंदेचा रोज आणि त्या वीस-वीसच्या नोटा. आत्याबाईंना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात, ते यातच जातात आणि वर घालावे लागतात. ज्या घरात कोणाचाच पगार नाही त्याला हे परवडणारे नाही. अशा दिवसघराला पैसा द्यावा म्हणून आम्ही तिन्ही घरांनी पंचायत समितीकडे अर्ज केला आहे, पोच घेतली आहे. घरी अडचण आली तर ज्येष्ठांसाठी 14567 हा सरकारी दूरध्वनी आहे.

चैत्र-वैशाखात लिंबाखालीही बसवत नाही. तोवर काय करायचे ते ठरलेले नाही. विहारातली मागची खोली दुपारी रिकामी असते, गार असते. तिथे चिंचा फोडायला बसवता येईल असे नणंद म्हणते. गुत्तेदाराकडून चिंच आणली तर किलोमागे फोडाईही मिळेल. आत्याबाईंना विचारले, तर त्यांनी आधी भाव विचारला.